फास्टीची टेप

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत माणसाला दोन नावं असतात. एक आईबाप ठेवतात, दुसरं गाव ठेवतं, आणि थडग्यापर्यंत सोबत जातं ते दुसरं. गाव म्हणजे तरी काय? कुणीतरी एक जण उचलतो जीभ आणि लावतो टाळ्याला, बाकीचे री ओढतात. जनेल ट्रेलोरला गाव 'फास्टी' म्हणू लागलं ते कोराडो मिनर्विनीमुळे. व्हीसीआरवर टेप पुढे पळवायचं फास्ट फॉरवर्डचं बटण असायचं ना, त्यावरून. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आज पंचेचाळिशीची आहे, एलन स्ट्रीटच्या टोकाला तिची बेकरी आहे, आणि माणसं अजून काउंटरवर रेलून म्हणतात, "फास्टी, दोन खिम्याच्या पेस्टी दे, आणि सॉस घालताना हात आखडू नकोस." त्यातल्या निम्म्यांना हे नाव आलं कुठून ते माहीतही नाही.

कोराडोला माहीत होतं. तो पाव दुसरीकडून आणायचा. मनात काही सलत होतं म्हणून नव्हे हं. लबाडाच्या दुकानाची पायरी चढायची नाही, असा त्याचा बाणा होता.

हा कोराडो इटलीतल्या मोल्फेत्ताहून आलेल्या मासेमारांच्या घरातला. बाप, काका, आजोबा, सगळे आखातात जाळी टाकून जगले. याला मात्र बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा याच्या पोटात ढवळायचं. बापाने दोन वर्षं वाट पाहिली, मग कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "पोरा, तू जमिनीवरच राहा. माशांना तरी सुख लागेल." तेव्हा कोराडोने व्हिडिओचं दुकान काढलं. टेपा भाड्याने, व्हीसीआर भाड्याने, आणि काचेच्या कपाटात गेमची मशीनं, तीही भाड्याने. दुकान बावीस वर्षं चाललं. पुढे टेपा गेल्या, दुकान गेलं, कोराडो उरला. आता चौसष्टीला आलाय आणि गॅरेजमध्ये ते जुने, पाठीमागे पोट सुटलेले टीव्ही आणि जुनी गेमची मशीनं दुरुस्त करत बसतो. ॲडलेडहून माणसं गाडी काढून त्याच्याकडे येतात. "याने नुसता हात लावला की चित्र येतं," असं त्याच्याबद्दल बोललं जातं, आणि तो ऐकू न आल्यासारखं करून ते पुन्हा एकदा बोलायला लावतो.

दुकानात एक फळा होता, आणि गावातल्या पोरांना त्याच्यापुढे चर्चही फिकं वाटायचं. ज्या खेळात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याचं नाव फळ्यावर. पण नुसत्या तोंडच्या गप्पांवर नाव लागत नसे. घरी गेमचं मशीन व्हीसीआरमधून टीव्हीला जोडायचं, खेळ सुरू झाला की टेपवर उतरवायचा, आणि शनिवारी दुपारी टेप घेऊन दुकानात हजर व्हायचं. कोराडो ती सगळ्यांसमोर लावणार, बघणार आणि मग खडू उचलणार. त्याच्या खडूवर अपील नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरांची आता टकलं पडली, तरी रस्त्यात भेटली की विचारतात, "कोरी, फळा आहे का रे अजून?"

फळा होता. म्हणूनच गेल्या फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, फुटबॉल क्लबाची शंभरी आली तेव्हा हॉलमध्ये जुन्या दुकानाचा एक कोपरा उभा करायचं ठरलं. तोच फळा, तेच टीव्ही, तेच खेळ. "तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" असं क्लबाच्या सेक्रेटरीने म्हटलं आणि कोराडो हरभऱ्याच्या झाडावर चढला. पाणबुड्याचा खेळ तर पाहिजेच होता. समुद्रात बुडी मारायची, शिंपले उघडून मोती वेचायचे आणि ऑक्टोपसने पाय धरायच्या आत वर यायचं. गावातल्या एकूण एक पोराने तो खेळ खेळलेला. पण कोराडोकडचं त्याचं मशीन केव्हाच मेलं होतं. शोधता शोधता ओसाकात कुरिहारा नावाचा एक जण सापडला, तो जुनी मशीनं विकायचा. त्याने खोक्यात गवतासारखा कागद भरून मशीन पाठवलं, सोबत हाताने लिहिलेलं आभाराचं कार्डही.

जपानची वीज वेगळी, म्हणून कोराडोने मधे ट्रान्सफॉर्मर बसवला. तेवढं त्याला कळत होतं. पिवळी पिन टीव्हीत खुपसली, बटण दाबलं, आणि चित्र आलं ते काळं-पांढरं. बरं, आलं ते एका जागी थांबेना. वर सरकायचं, खालून पुन्हा यायचं, आणि मधूनच एक जाड राखाडी पट्टा आडवा फिरायचा.

त्याने वायर बदलली. पिना स्पिरिटने पुसल्या. टीव्ही बदलला, दुसऱ्यावरही तेच. मग टीव्हीच्या पाठीमागचा चित्र धरून ठेवायचा स्क्रू हळूहळू फिरवला, तेव्हा कुठे चित्र थांबलं. रंग काही आला नाही, पट्टाही गेला नाही. खेळ सुरू केला तर पाणबुड्या असा पळत सुटला, जसं घरी दूध उतू चाललंय. तिसऱ्या शिंपल्यापाशी कोराडो मेला. पुन्हा खेळला, पुन्हा मेला.

दारात नुन्झिया उभी होती, त्याची बायको. बाहेर त्रेचाळीस डिग्री, तिच्या हातात पाण्याचा जग. "कोर्रा, किती वेळा मेलास?"

"मशीन बिघडलेलं आहे. बघ कसं पळतंय."

"मशीन नाही पळत. तू म्हातारा झालास."

"म्हातारपणाने चित्र काळं-पांढरं दिसतं का गं?"

"तुला काय काय दिसतं ते तुलाच ठाऊक," असं म्हणून तिने जग ठेवला आणि गेली.

कोराडोने त्याच तिरीमिरीत कुरिहाराला ईमेलने पत्र पाठवलं. मशीन सदोष आहे, चित्राला रंग नाही, आणि खेळ नको इतका वेगाने पळतो, परत घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, अदबीने लिहिलेलं. तुम्हाला त्रास झाला याबद्दल मनापासून क्षमा मागतो. रंगाचं म्हणाल तर आमची पद्धत तुमच्या टीव्हीला समजत नाही, त्यासाठी एक लहान डबी मिळते. वेगाचं मात्र मला काही करता येणार नाही. आमचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, तुमच्या देशातला पन्नास वेळा, आणि खेळ टीव्हीच्या चालीने चालतो. हे मशीन वेगाने पळत नाही. हा खेळ असाच बनवला होता. तुमच्याकडे विकलेलं मशीन सावकाश चालत असे.

कोराडोने ते दोनदा वाचलं. परदेशी टेपा इथल्या व्हीसीआरवर चालत नाहीत, हे त्याने गिऱ्हाइकांना हजार वेळा सांगितलं होतं. पण ते चित्रापुरतं. खेळच्या खेळ हळू पडतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगणार तरी कोण? अख्ख्या गावाने एकच चाल पाहिलेली. फळ्यावरचे सगळे वीर, सगळे शूर, मुंगीच्या पावलाने खेळून राजे झालेले. त्याला आधी हसूच आलं.

हसता हसता त्याने टीव्हीकडे पाहिलं. काळं-पांढरं चित्र, आडवा पट्टा, आणि पळणारा पाणबुड्या. आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. हे चित्र त्याने आयुष्यात पूर्वी एकदा पाहिलं होतं. एकदाच.

त्र्याण्णव सालच्या एका शनिवारी. दुकानात पंधरा-वीस पोरं, रेडिओवर फुटबॉलची मॅच लागलेली. शनिवारी मॅच ऐकायची म्हणून टीव्हीचा आवाज कायम बंद, हा दुकानाचा नियमच. तेवढ्यात धक्क्यावर माल चढवणाऱ्या मर्व्ह ट्रेलोरची पोरगी टेप घेऊन आली. पाणबुड्याच्या खेळात सहा लाख तीस हजार, म्हणाली. फळ्यावरचा आकडा चार लाख बारा हजार. पोरं हसली. पोरीची जात, आणि एकदम दोन लाखांनी वर? कोराडोने टेप लावली. चित्राला रंग नाही, मधे पट्टा, आणि खेळ पळतोय. कोराडोला वाटलं, आपण काय आजचे आहोत? टेप चालू असताना पुढे पळवली की रंग उडतो आणि पट्टे येतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि खेळ हळू करणारी बटणं त्याने स्वतःच विकली होती. त्याने डोक्यात गणित मांडून टाकलं: पोरीने खेळ हळू करून खेळला, मग लबाडी झाकायला टेप पळवत दुसऱ्या व्हीसीआरवर उतरवली. त्याने टेप मधेच थांबवली, बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं फास्ट फॉरवर्ड, आम्हाला काय आंधळे समजलीस?"

दुकान डोक्यावर घेतलं पोरांनी. पोरगी लाल झाली, एवढंच म्हणाली, "मी काही केलं नाही, मिस्टर मिनर्विनी." कोराडोने विचारलं, "मग चित्र असं कसं?" ती गप्प. कितीही विचारलं तरी गप्प. गप्प राहिली म्हणजे चोर, याहून मोठा पुरावा तो काय?

कोराडो उठला. गॅरेजच्या माळ्यावर एक खोका होता, विक्रमांच्या टेपांचा. जनेलची टेप त्याने तेव्हा परत दिली नव्हती, पुरावा म्हणून ठेवून घेतली होती. वर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: ट्रेलोर, खोटी. ती त्याने व्हीसीआरमध्ये घातली. चित्र आलं, तेच. आणि या खेपेला त्याने आवाज वाढवला.

गाणं वाजत होतं. खेळाचं ते समुद्राचं गाणं, स्वच्छ, सलग, कुठे तुटलं नाही. टेप पळवून उतरवली असती तर आवाज आलाच नसता. पळवताना आवाज जातो, हे दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. कोराडो खुर्चीत बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. चाळीस मिनिटं. पोरीचा पाणबुड्या त्या राक्षसी वेगात असा काही वर-खाली होत होता की कोराडोला पुढचं पाऊल कळायच्या आत ती तिथून निघालेली असे. शेवटी पाणबुड्या मेला. सहा लाख तीस हजार चारशे. आणि त्या आकड्याखाली एक ओळ उमटली, जपानी अक्षरांतली.

तसली अक्षरं इथल्या मशीनवर कधीच उमटत नसत. पोरीकडे जपानचं मशीन होतं. तिने लबाडी तर केली नव्हतीच, उलट गावात कुणी पाहिलाही नव्हता इतका अवघड खेळ खेळून ती सगळ्यांना मागे टाकून गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर नव्हताच, आणि फाशी त्याने मात्र थाटात दिली होती.

पण खरा घाव अजून बसायचा होता. बसला तो नुन्झियाला सगळं सांगताना. ती म्हणाली, "अरे, पण तिच्या बापाने कबूल केलं होतं ना?"

केलं होतं. सोमवारी सकाळी मर्व्ह ट्रेलोर कामाच्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन दुकानात आला होता. "मिनर्विनी, ती टेप मी केली. पोरीला पत्ताही नाही. तिचं नाव नको घेऊस," एवढं बोलून उभा राहिला. कोराडोने त्याला समज दिली होती, चांगली पाच मिनिटं, आणि धिप्पाड मर्व्हने मान खाली घालून ती ऐकली होती. दुपारी शाळा सुटल्यावर पोरगी आली, भांडायला. टेप परत द्या, मी खरं खेळले आहे. तेव्हा चार पोरांदेखत कोराडो म्हणाला होता, "अगं, कुणापुढे नाटक करतेस? तुझ्या बापानेच सकाळी येऊन कबूल केलंय." त्यावर ती तशीच वळली आणि गेली, ती पुन्हा दुकानात आली नाही. नाव मात्र गावाने सोडलं नाही.

"मग त्याने न केलेलं कबूल का केलं?" नुन्झियाने विचारलं. ती आत गेली आणि त्याचा धुतलेला शर्ट घेऊन आली. "ऊठ. तिच्याकडे जा. मला सांगून काय उपयोग?"

दुपारी दोनला बेकरीत गर्दी ओसरते. कोराडो आत शिरला तेव्हा जनेल ट्रे पुसत होती. तिने वर पाहिलं. "मिस्टर मिनर्विनी. वाट चुकलात का?"

"जनेल, तुझी ती टेप..." तो म्हणाला, मग एका दमात सगळं ओकला. साठ आणि पन्नास, ओसाकाचं पत्र, गाणं, जपानी ओळ. "तू काही केलं नव्हतंस," तो म्हणाला. "चूक माझी. सगळी माझी."

जनेल हसली. "मी काही केलं नव्हतं, ही बातमी तुम्ही मला देताय? मला ती एकतीस वर्षांपासून माहीत आहे. सांगायचंच तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? मशीन जपानचं आहे एवढं म्हणाली असतीस..."

"ते बोटीवरून आलेलं होतं. शिसं न्यायला जपानी बोट यायची, त्यातल्या एका खलाशाने डॅडला दिलं. कस्टमला न दाखवता गेटबाहेर काढलेलं. कळलं असतं तर डॅडची नोकरी गेली असती. तो म्हणाला होता, कुठे बोलू नकोस, आणि मी बोलले नाही. माझ्या खोलीतला टीव्ही लहानसा, काळा-पांढराच. रंग नाही हे मला कळणार कसं?" ती ट्रे पुसायची थांबली होती. "त्याच्यासाठी गप्प बसले, मिस्टर मिनर्विनी. सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या. आणि तुम्ही सांगितलंत, टेपेत डॅडनेच काहीतरी केलं होतं."

"तो तसं म्हणाला होता."

"मला माहीत आहे. मी घरी जाऊन विचारलं. माझ्या तोंडावर हो म्हणाला. मला जिंकवायला केलं, म्हणाला." तिचा आवाज खाली आला. "मी खरं जिंकले होते आणि त्याला वाटत होतं मला लबाडीने जिंकवावं लागेल. त्याचा जो राग बसला ना माझ्या डोक्यात... सतराव्या वर्षी घर सोडलं. ममाच्या अंत्यविधीला आले तेव्हाही त्याच्या शेजारी बसले नाही. आता तो वृद्धाश्रमात आहे, इथून चार रस्ते पलीकडे. वर्षातून दोनदा जाते. ख्रिसमसला आणि वाढदिवसाला. केक देते आणि निघते."

मग तिच्या ध्यानात आलं. कोराडोला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "पण टेपेत काही केलेलंच नव्हतं म्हणता."

"काहीच नाही."

"मग डॅड कशाला हो म्हणाला?"

जनेलने एप्रन काढला, दाराची पाटी उलटी केली, गाडीची किल्ली घेतली. "चला. तुम्हीही. तुम्हीच सांगितलं होतंत मला, आता त्याच्यासमोर सांगा."

मर्व्ह ट्रेलोर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. एकोणऐंशीचा. खांदे अजून धक्क्यावरचे, पाय मात्र गेलेले. त्याने आधी मुलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "आज माझा वाढदिवस आहे का?"

"नाही, डॅड."

"मग कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही, मर्व्ह," कोराडो म्हणाला, आणि उभ्या उभ्या त्याने सगळं पुन्हा सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारा गुडघ्यावरच्या चादरीची किनार चिमटीत धरून बसला होता.

"म्हणजे मशीनच जोरात पळत होतं?"

"मशीन बरोबर पळत होतं. हळू आपण होतो. गावच्या गाव."

"घ्या," मर्व्ह म्हणाला. "आणि मी आजवर डोकं खाजवतोय, वायर जोडताना माझं कुठे चुकलं."

जनेल दारातून दोन पावलं आत आली. "डॅड, तू टेपेत काही केलं नव्हतंस."

"मला टेप लावता तरी यायची का? तूच लावायचीस."

"मग माझ्या तोंडावर हो का म्हणालास?"

मर्व्हने खिडकीबाहेर पाहिलं. "कुणीतरी लबाडी केलीय, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं गं. गावाला एक माणूस लागतो. तू चौदाची, मी अठ्ठेचाळीसचा. धक्क्यावर मला याहून घाण नावं होती, माझ्या अंगाला काही चिकटत नव्हतं."

"मला तरी खरं सांगायचंस."

"खरं सांगितलं असतं तर तू दुकानात जाऊन मशीन कुठलं ते ओरडून सांगितलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही? मग नोकरी गेली असती, घर गेलं असतं. मला वाटलं, पोर महिनाभर फुगून बसेल आणि विसरेल."

"एकतीस वर्षं झाली, डॅड."

"हो ना," म्हातारा म्हणाला. "फारच ताणलंस."

जनेलच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं, पण ते हसू नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर मटकन बसली. मर्व्हने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू काही केलं नव्हतंस, एवढं मला माहीत होतं. मी केलं नव्हतं हे तुला माहीत नव्हतं. ते मला चालत होतं."

"मला नाही चाललं," जनेल म्हणाली. "एक दिवसही नाही चाललं."

बाहेर चहाची गाडी आली, दारापाशी थांबली आणि कुणी आत बोलवत नाही असं बघून पुढे गेली. जनेलने बापाचा हात धरला होता की बापाने तिचा, हे कोराडोला कळलं नाही; त्याने नजर जमिनीवर ठेवली होती. निघावं की थांबावं, तेही त्याला समजेना. शेवटी तो म्हणाला, "मर्व्ह, तुझी क्षमा मागायला मला तोंड नाही."

"राहू दे रे," मर्व्ह म्हणाला. "तू तरी काय करणार? चित्र आलंच तसं. तू नीट बघितलंस, पुरतं बघितलंस, तरी तुला ते खोटं दिसलं. म्हणून तर मला वाटलं, खरंच काहीतरी चुकलं असणार. मिनर्विनीने अख्खी टेप बघून सांगितलंय म्हटल्यावर मी कोण वाद घालणार?"

कोराडोला गप्प राहता आलं असतं. तेव्हा गप्प राहिलेली पोरगी त्याच्यासमोर बसली होती, आणि गप्प राहण्याचा अर्थ त्याने तेव्हा काय लावला होता तेही त्याला आठवलं. म्हणून त्याने सांगितलं. "मी अख्खी नव्हती बघितली, मर्व्ह."

"मग?"

"दोन मिनिटं. तीही आवाज बंद करून. मॅच चालू होती."

मर्व्ह ट्रेलोरचं तोंड उघडं राहिलं. "चाळीस मिनिटं खेळली होती ती," तो म्हणाला. "पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. मी तिच्या मागे बसून सगळा खेळ बघितला होता." त्याला राग आला नव्हता. आला असता तर कोराडोला सोसायला सोपं गेलं असतं. म्हातारा मुलीचा हात हातात घेऊन नुसता त्याच्याकडे बघत होता, आणि दोन मिनिटं बघून कुणी असं कसं ठरवतं, ते काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.